फाटकातून दिसलेली गाडी

हाताला प्लास्टर आहे, म्हणून आज पहिल्यांदा माझ्या जुन्या गाडीची किल्ली बायकोला दिली. एरवी मी ती कुणालाच देत नाही. गाडीचा कार्बोरेटर मीच साफ करतो, शर्यतीच्या मैदानावरही मीच पळवतो. गॅरेजात गाडी टाकून चहा पीत बसणाऱ्यांना मी गाडीवाले मानतच नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून बायको एक चक्कर मारायला निघाली. मी फाटकाशी उभा राहिलो. कोपऱ्यावर वळताना गाडी एका अंगाला किंचित झुकली, लगेच सावरली, आणि तिचा खर्जातला आवाज गल्लीभर घुमला. आत बसून मला तो नुसता खडखडाट वाटायचा. इतक्या वर्षांत मी माझी गाडी धावताना कधी पाहिलीच नव्हती! ज्याच्या आत आपण कायम बसलेलो असतो, ते बाहेरून कसं दिसत असेल? घर, संसार, आपला स्वभावसुद्धा?

ती परत आली. काच खाली करून तिनं घाबरतच विचारलं, "काही बिघडवलं का रे मी?"

"नाही गं. अजून एक चक्कर मार. आणि वळणावर जरा जोरात घे."