शेवंतीचं नाव

"नाव शेपटीत असतं," म्हणत मास्तर चतुर किडा उलटा धरायचे. तोंडाकडे बघायचेच नाहीत. मी नारळ कानाशी हलवून पारखतो, तसे ते शेपटीचं टोक भिंगाखाली पारखायचे.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. कॉलेजात शिकवणारे हे मास्तर दर मे महिन्यात धामापूरला माझ्या माडीवर भाड्यानं राहत. तळ्याकाठच्या दगडांवर बसणारे, शेपटीच्या टोकाला गदेसारखा फुगवटा असलेले चतुर तुम्हीही पाहिले असतील. आपल्याला ते सगळे सारखे. मास्तर त्यांच्या जाती लावायचे. भाड्यात मी आणाही सोडला नाही, आणि त्यांनी घासाघीस केली नाही. असलं गिऱ्हाईक मला आवडत नाही.

माझी लेक शेवंती मात्र जाळं घेऊन सदा त्यांच्याबरोबर. एकदा एक चतुर धरून ओरडली, "मास्तरांनू, ह्येचे डोळे लांब लांब आसत! एकमेकांक लागणत नाय!"

"गदावाल्यांचे सगळ्यांचे तसेच, बाळ. नाव शेपटीत असतं," मास्तर हसले. मग शेपूट बघितलं आणि पुस्तकं चाळायला बसले. तसलं शेपूट त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्याच पावसाळ्यात शेवंती तापानं गेली. माझं एकुलतं एक मूल.

पुढच्या मे महिन्यात मास्तरांनी छापील कागद माझ्या हातात ठेवला. त्या चतुराला शेवंतीचं नाव दिलं होतं. साऱ्या जगासाठी. त्या वर्षी मी भाडं घेतलं नाही.

नंतर एकदा आले ते ओटीवर टेकलेच नाहीत. कुठल्याशा संग्रहालयात त्यांना टाचणी लावलेला जुना चतुर दिसला होता, हुबेहूब त्याच शेपटीचा. त्याला फार पूर्वीच कुणा साहेबानं नाव दिलेलं. आधीचं नाव खरं, नंतरचं रद्द, असा त्यांचा नियम. आणि हे मास्तरांनी आपणहून छापून टाकलं होतं!

"कोणी इचारल्यान तुमका? गप रवाक जमला नाय?"

"कळल्यावर गप्प कसा राहू?"

"मगे दोनय नावां ठेवा. निम्मा-निम्मा."

"इथे घासाघीस नाही हो चालत." त्यांचा आवाज फाटला. "पण रद्द झालेलं नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. कायमचं."

"माझ्या चेडवाक बारीक अक्षर? सांजच्या एस्टीन चालते व्हा!"

गेले. पुन्हा आले नाहीत. पुढे वारल्याचं कळलं.

माझा राग अजून उतरलेला नाही. पण माडी मी कुणाला देत नाही, चांगलं भाडं येत असूनसुद्धा.

मे महिन्यात तळ्यावर जातो. तो चतुर दगडावर येऊन बसतो. मी शेपटीकडे बघत नाही. डोळे बघतो. लांब लांबच आहेत.