अय्युबची भूक

भोरच्या खातूनची जीभ मुळातच तिखट, पण त्या तीन वर्षांत ती जरा जास्तच चालली, हे आता तीच कबूल करते. तिचा नवरा अय्युब भाजीचा टेम्पो चालवायचा. अठ्ठ्याण्णव साली घाटात टेम्पो उलटला, डोक्याला जबर मार बसला. महिनाभरानं माणूस आपल्या पायानं घरी आला खरा, पण सोबत भूक घेऊन आला. आणि भूक तरी कसली! आठ भाकरी खाऊन पुन्हा टोपल्याकडं बघायचा. अंग सुटलं, मोहल्ल्यात हावरट म्हणून नाव पडलं. खातूननं शेवटी भाकऱ्या कपाटात कुलपात ठेवल्या.

"अहो, लाज हाय का न्हाई? पोरांच्या तोंडचं खाताय!"

"खातून, खाल्लेलं कळतच न्हाई गं," तो मान खाली घालून म्हणायचा.

कळत नाही म्हणे! ती आणखीच भडकायची.

शेवटी तीन वर्षांनी पुण्याच्या डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. "बाई, चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातून एक रस रक्तात सुटतो आणि मेंदूला सांगतो, आता पुरे. तो किती सुटावा, यावरही मेंदूची नसांमधून हुकमत चालते. यांच्या मेंदूतली हा निरोप ऐकणारी जागाच दुखावलीय."

"मग औषध?"

"सध्या तरी नाही. कुलूप राहू द्या, बोलणं तेवढं थांबवा."

परतीच्या एसटीत कापूरहोळ येईपर्यंत ती रडत होती. "म्या तुमाला लई बोलले."

"मलाबी मी हावराच वाटायचो," अय्युब म्हणाला.

पुढच्याच महिन्यात शिवऱ्याला त्याच्या पुतणीचं, गुलफशाचं लग्न झालं. एका मोठ्या ताटावर चौघांनी जेवायची रीत. अय्युब बसला, तसे बाकीचे तिघं हसत उठले. "अय्युबभाईसंगं बसलं तर आपण उपाशीच!"

बायकांच्या पडद्याआडून खातूननं ते पाहिलं. पुरुषांच्या पंगतीत बाई जात नाही. ही तरातरा गेली आणि पदर सावरून नवऱ्यासमोर मांडी घालून बसली.

"भूक हाय त्यांना, हाव न्हाई!" साऱ्या मांडवाला ऐकू गेलं.

ताटात मटणाची एकच नळी होती. अय्युबनं ती उचलून तिच्यापुढं ठेवली.

"तू खा," तो म्हणाला. "तुजं तरी पोट भरंल."