बोहणीआधी उठायचं नाही

“उठा, मालक. गादीवरून उठा आधी.”

शिकवायला आला की माझा शेजारी पहिल्यांदा दुकानदाराला उठवायचा आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवायचा. मग त्याच्याच हातात त्याचा मोबाइल द्यायचा. जवळा बाजार या आमच्या गावात माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून त्याचं बैलांचे दोर, कासरे आणि घुंगरमाळांचं दुकान. पण आसपासच्या गावांतले दुकानदार त्याला ‘मास्तर’च म्हणायचे. मालाचे फोटो कसे काढायचे, स्टेटसला कसे लावायचे, मोबाइलच्या नकाशात दुकान कसं दाखवायचं, सगळं फुकट शिकवायचा.

तुम्ही दुकानदार असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, बोहणी म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी गादी सोडत नाही. काही जण तर चहाही घेत नाहीत. मंदीत आम्ही दुपारपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून बसायचो. मास्तरचं म्हणणं एकच, “बोहणी मोबाइलवर करा अन् मोकळे व्हा.” त्याचं ऐकून समोरच्या किराणावाल्याला मोबाइलवर पहिली ऑर्डर आली, पैसेही आले. पहिली नोट कपाळाला लावायची जन्माची सवय. बिचाऱ्यानं मोबाइलच कपाळाला लावला, आणि त्या नादात सासऱ्याला फोन लागला.

एकदा न राहवून मी विचारलं, “लोकांना काहून शिकवून राहिलास रे? तुला काय मिळतं?”

तो घुंगरं ओवत होता. मान खाली घालूनच म्हणाला, “मायला सिद्धेश्वर धरणाचं पाणी पाहायचं होतं, भाऊ. धरणाचे दरवाजे उघडले की दरवर्षी म्हणायची, जाऊन येऊ. बाबा म्हणायचे, बोहणी होऊ दे. बोहणी झाली की म्हणायचे, आता गिऱ्हाईक सुरू झालं. माय गेली, पण तेवढी तासाभराची वाट काही झाली न्हाई.”

त्यानं ओवलेल्या माळेला गाठ मारली.

“बाबा वाईट न्हवते. अडकले होते. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ न्हाई.”

त्या दिवसापासून मला त्याच्याबद्दल फार माया वाटू लागली.

यंदा धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. बायकोला न्यायचं त्यानं कबूल केलं होतं. वहिनी ठेवणीतली साडी नेसून, डबा घेऊन मोटारसायकलवर बसल्या. मास्तरनं किक मारायला पाय उचलला आणि खिशातला मोबाइल वाजला.

“एवढं एक उत्तर देतो.”

मग दुसरं आलं, तिसरं आलं. पोळा तोंडावर आलेला. वसमतच्या कुणाला बैलजोडीचा साज पाहिजे होता. आखाडा बाळापूरच्या चपलांच्या दुकानदाराचा फोटोच चढत नव्हता. उत्तराला उशीर झाला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, हे यानंच सगळ्यांना शिकवलेलं. बाबांची गादी निदान दुकानात राहायची. याची खिशात बसून सोबत यायची.

वहिनी खाली उतरल्या. भांडल्या नाहीत. “तुमी बसा. मी येते जाऊन,” म्हणाल्या आणि शेजारच्या बायकांच्या जीपमध्ये चढल्या.

मला त्याचा भयंकर राग आला. शटर ओढ आणि जा म्हणून ओरडावंसं वाटलं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या दुकानात परतलो.

दुपारी वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. मी त्याच्या दुकानातच होतो. पांढरंशुभ्र पाणी उसळत होतं आणि एरवी हळू बोलणाऱ्या वहिनी ओरडत होत्या, “अहो, बघा! बघा तर!” त्याचे डोळे भरून आले. “मायला दाखवाया पाहिजे होतं,” तो पुटपुटला. तेवढ्यात वसमतवाल्याचा फोन मध्ये आला. अंगठ्याला सवयच लागलेली. त्यानं बायकोचा कापला आणि गिऱ्हाइकाचा घेतला.

सौदा ठरल्यावर त्यानं घाईघाईनं वहिनींना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. परत लावला, परत तेच. मी काहीच विचारलं नव्हतं. तरी माझ्याकडे बघून म्हणाला, “पाण्याचा आवाज लई मोठा असतोय ना तिथं. ऐकू येत नसंल.”