न कुजणारी बाग

वृद्धाश्रमातल्या नोकरीचा पहिला आठवडा माळीणकाकू खुशीत होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी लोकांच्या अंगणातली झाडं राखून घर चालवलं होतं. ही पक्की नोकरी नणंदेनं लावून दिली, तीही तिथंच स्वयंपाकाला होती. अशी स्वच्छ बाग काकूंनी जन्मात पाहिली नव्हती. मुंगी नाही, गोगलगाय नाही, पानाला एक भोक नाही.

"वन्सं, इथं मला काम तरी काय उरलंय?"

"वाटांवर झाडू मारायचा आणि पगार घ्यायचा. नशीब काढलंत, वहिनी!"

मग एका दुपारी कुंपणाशी मेलेली चिमणी दिसली. उद्या पुरू म्हणता म्हणता राहून गेलं. आठवड्यानं पाहतात तर चिमणी तशीच. नुसती सुकून हलकी झालेली. वास नाही, माशी नाही, डोळ्याशी मुंगीसुद्धा नाही.

तिला पुरायला काकूंनी झाडाखाली कुदळ घातली. वरची पानं सरकवली, खाली आणखी पानं. त्याखाली त्याहून जुनी, शिरा न् शिरा शाबूत, थरावर थर, चिकटलेल्या वर्तमानपत्रांसारखी. शेवटी माती लागली ती राखेसारखी. गांडूळ नाही की काही नाही. मूठभर नाकाशी धरली, तर तिला वासच नव्हता. मातीतून सालं निघाली, तशी त्यांनी नणंदेला हाक मारली.

"अगं बाई, ही तर मी इथं लागले त्या वर्षी पुरलेली माझी बटाट्याची सालं! एवढी जाड साल दुसरं कोण काढणार?" नणंद हसायला गेली, पण हसू तोंडातच राहिलं.

काकूंनी वर पाहिलं. शेंडे बोडके झाले होते. झाड मातीतून खातं आणि पान गाळून तिचं तिला परत करतं. पण ते पान कुजवून मातीत मिसळणारे किडे, गांडुळं, बुरशी इथं उरलेच नव्हते. पानं पायाशी पडून होती आणि झाडं उपाशी उभी होती.

काकू मॅनेजरसाहेबांकडे गेल्या.

"औषध मारतो आम्ही, दर महिन्याला," साहेब म्हणाले. "किडीचं आणि बुरशीचं."

"पण कशापायी?"

साहेबांनी खिडकीतून बागेकडे बोट केलं. "माझी आई इथंच राहायची. कुजक्या पानांवरून घसरली. पुन्हा उठली नाही."

काकू हळूच म्हणाल्या, "स्वयंपाकघरामागचा कोपरा तेवढा मला द्या. तिथं कुणी फिरकत नाही."

कोपरा मिळाला. काकूंनी घरच्या परसातली काळी माती गांडुळांसकट पोत्यातून आणून पसरली. सकाळी येऊन बघतात, तर सगळी गांडुळं वर येऊन मेलेली. पांढुरकी, ताणलेली, आणि एकूण एक कुंपणाच्या दिशेनं निघालेली. एकही दुसरीकडे वळलं नव्हतं. काकूंनी ती गोळा केली.

"चेहरा का उतरलाय, वहिनी?"

"ऊन लागलं थोडं."

पण त्यांनी हाय खाल्ली नाही. कोपऱ्यातली हातभर माती उपसून टाकली, औषधवाल्याला तिथं पाऊल ठेवू दिलं नाही, पावसाळाभर जमीन धुऊन निघू दिली आणि मग पुन्हा पोतं आणलं. या खेपेला गांडुळं खाली गेली ती खालीच राहिली.

पुढच्या वर्षी कोपऱ्यातून कुजकट, उबट वास यायला लागला. नणंदेनं नाकाला पदर लावून खिडकी लोटली. काकू मात्र तिथंच बसून डबा खायच्या. साहेबही एकदा येऊन बघून गेले. मग मागच्या निम्म्या बागेत औषध बंद करायला सांगितलं. तिथल्या झाडांना दाट पालवी आली. पुढच्या बागेतली दोन झाडं मात्र वाळली, ती तोडावी लागली.

पुढची बाग आजही तशीच चकचकीत आहे. आजीआजोबा बाकांवर बसलेले असतात, तोवर काकू तिथं झाडू मारतात. दुपारी सगळे आत जाऊन निजले, की एकट्या तिकडे जात नाहीत. तेव्हा तिथं माशीसुद्धा घोंगावत नाही.