कोठीची दुसरी किल्ली

आमच्या गावात घरांना कुलपे नव्हती. आंबिवलीच्या पलीकडे, काळू नदीच्या काठी आमचे गाव. सगळे शेतावर गेले तरी एखादी म्हातारी, एखादी बाळंतीण, नाहीतर तापाने पडलेले पोर घरात असायचेच. रिकामे घर कोणी पाहिलेच नव्हते, मग कुलूप कशाला?

कुलूप असायचे ते कोठीला. आमची कोठी म्हणजे माजघराच्या मागची अंधारी खोली. वर्षाचा भात, कांडलेले तांदूळ, पुढच्या सालचे बियाणे, गूळ, तेल, सगळे तिच्यात. किल्ली आईच्या कनवटीला. वडील गेल्यावरही ती तिथेच राहिली. रोज सकाळी आई कोठी उघडायची, वहिनी सूप पुढे करायची आणि आई माप भरून तांदूळ सुपात ओतायची. वहिनीची मुले मोठी झाली, तिच्या कानाशी केस पांढरे दिसू लागले, तरी सूप धरणारी ती आणि माप भरणारी आई. याबद्दल घरात कोणी कधी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही.

मी बी. ए. झालो. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या घरात माझ्याआधी कोणाला सहीसुद्धा येत नव्हती, आणि मी जे शिकलो ते दुसऱ्यांच्या ओट्यावर झोपून आणि दोन वेळांपैकी एकच वेळ जेवून शिकलो. पास झाल्याचे सांगायला गावी गेलो तेव्हा आईने विचारले, "मंग आता घरीच ऱ्हाशील ना?" तिला वाटले होते, शिकणे हे एखाद्या दुखण्यासारखे आहे, संपले की माणूस घरी येतो.

मी घरी राहिलो नाही. ठाण्याला इंग्रजी शाळेत मास्तर झालो आणि तळ्याजवळ दोन खोल्या घेतल्या. बायको त्याआधीच पहिल्या बाळंतपणात गेली होती. दुसरे लग्न कर म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिले. मी केले नाही. का केले नाही, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्या खोल्यांबरोबर माझ्या हाती जन्मातली पहिली किल्ली आली. सुरुवातीला मला तिचा अभिमान वाटे. मी ती जानव्यासारखी गळ्यात घालून फिरलो नाही एवढेच. पण शाळा सुटून घरी आल्यावर आपल्याच दाराचे कुलूप आपणच काढायचे, ही गोष्ट अंगवळणी पडायला फार दिवस लागले. कुलूप उघडल्याचा कट् असा आवाज होई, आणि सकाळी जिथे धोतर टाकलेले असे तिथेच ते दिसे. आलास का, एवढे विचारायलाही कोणी नसे. शेजारपाजारचे लोक वाईट नव्हते. मास्तर मास्तर करायचे, मुलांना अभ्यासाला पाठवायचे. पण जेवणाच्या वेळी प्रत्येकाचे दार लागे. मी चुलीवर भात चढवायचा आणि तो शिजेपर्यंत वह्या तपासायच्या. कित्येकदा भात करपल्यावरच कळे.

म्हणून मला आई हवी होती. कायमची नव्हे, वर्षातून थोडे महिने आली असती तरी चालले असते. दर सुटीला मी विषय काढायचा आणि दर वेळी तिचे उत्तर ठरलेले. कोठी कोण बघेल? वहिनी बघेल म्हटले की ती कनवटीची किल्ली चाचपायची. किल्ली एकदा सुनेच्या हाती गेली की ती परत मागता येत नाही, हे मला समजत होते. जी मागून घ्यावी लागेल ती किल्ली तिला नको होती.

एका वर्षी दिवाळीच्या सुटीत किल्लीचा दात तुटला. आई कुलपाशी झटत होती. किल्ली फिरली आणि दात आतच राहिला. दादाने खिळा घालून कसेबसे कुलूप काढले. खळ्यावर मळणी चालू होती, नवा भात कोठीत यायचा होता. आईने ते कुलूप आणि दात गेलेली किल्ली फडक्यात बांधून माझ्याकडे दिली आणि ठाण्याहून नवी किल्ली करून आण म्हणाली. मी येईपर्यंत तिने कोठीच्या दाराला दोरी बांधली आणि आपली वाकळ त्या दारापुढेच अंथरली.

ठाण्यात चर्चच्या मागे एक किरिस्ताव लोहार होता. घरची शेती, आणि शेतीचे काम नसेल तेव्हा हे. त्याच्या दुकानात तारेला किल्ल्या लटकवलेल्या असत. मी तोवर किल्ली म्हणजे किल्ली एवढेच समजत होतो. तिथे पाहिले तर पेट्यांच्या पोकळ नळीच्या किल्ल्या वेगळ्या, दरवाज्यांच्या भरीव दांड्याच्या वेगळ्या, मळसूत्रासारखा आटा असलेल्या आणि फिरवत फिरवत आत न्यायच्या त्या वेगळ्या. काही तर नुसत्या चपट्या पट्ट्या. त्या फिरवायच्या नाहीत, आत दाबायच्या, म्हणजे कुलपातली कमान मिटते आणि दांडा सुटतो. एक किल्ली बिनदातांची होती, टोकाला फक्त चौकोनी भोक. ती आगगाडीच्या डब्यांची, असे तो म्हणाला. कोणा गार्डाची झिजली म्हणून नमुन्याला आली होती.

मी कुलूप पुढे ठेवून म्हणालो, याची किल्ली करायची आहे.

"किल्ली तुमचे शाळेत, मास्तर," तो म्हणाला. "हितं चावी."

त्याने कुलूप खोलून तुटका दात झटकून काढला, जुन्या किल्लीशेजारी धरून पाहिला. मग विचारले, येक कराची का दोन?

खरे सांगतो, तोपर्यंत माझ्या मनात दोनचा विचार नव्हता. पण त्याने विचारले आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. दोन किल्ल्या! एक आईकडे, एक वहिनीकडे. आईला काही सोडायला नको, वहिनीला काही मागायला नको, आणि आई खुशाल ठाण्याला येईल. इतकी सोपी तोड इतकी वर्षे कोणाला सुचली नाही याचे मला आश्चर्य वाटले, आणि ती मला सुचली याचे वाटले नाही.

"दोन करा," मी म्हणालो.

"घरान भाव हाय का?" त्याने विचारले.

भाऊ आहे, म्हटले. त्याने मान हलवली आणि कानस उचलली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला पुढच्या रविवारी कळला.

रविवारी मी कल्याणला उतरलो आणि पायी गावाकडे निघालो. खिशात किल्ल्या एकमेकींवर वाजत होत्या. वाटेत मी आईचे अंथरूण ठाण्यात कुठे घालायचे तेही ठरवून टाकले. चुलीजवळची भिंत उबदार होती, ती तिला.

घरी सगळे होते. मी कुलूप कोठीला घातले, एका किल्लीने उघडून दाखवले, बंद केले आणि दुसरीने उघडून दाखवले. वहिनी माजघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. दादा ओट्यावर बसून हे बघत होता. वहिनी सूप पुढे करीना, आई मापाला हात घालीना. मला वाटले, त्यांना नीट समजले नाही. म्हणून मी दोन्ही किल्ल्या तळहातावर ठेवून आईपुढे धरल्या.

आई म्हणाली, "मी येक सांगितली होती."

मी समजावून सांगू लागलो. एक तुला, एक वहिनीला. वहिनीने हे ऐकले मात्र, तिने सूप खाली ठेवले आणि आत निघून गेली. जणू तिनेच मला सांगून दुसरी करवून घेतली होती, असा तिचा चेहरा झाला. आणि दादाने तर माझा शब्द खराच धरला नाही. दुसरी किल्ली माझ्यासाठीच, हे त्याने केव्हाच ठरवले होते.

"वाटनी पायजे तर सरळ बोल," तो म्हणाला. "तुला कोन नाय म्हननार नाय. शिकलेला हायस, कागद तूच करशील."

मी हसलो. ते हसणेही त्याला वाईट वाटले असावे. आमच्याकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा आधी चूल वेगळी होते असे मी समजत होतो. तसे नाही, आधी कोठीच्या किल्ल्या दोन होतात. आळीतल्या प्रत्येक घराला हे माहीत होते, आणि लोहारालाही. मला मात्र ते कोणी शिकवले नव्हते, कारण ज्या वयात या गोष्टी ओट्यावर बसून कानावर पडतात त्या वयात मी परक्या ओट्यावर भूमिती पाठ करत होतो.

तरी मी हार मानली नाही. आईला त्या गार्डाच्या किल्लीची गोष्ट सांगितली. एवढी लांब आगगाडी, तिचे इतके डबे, आणि प्रत्येक गार्डाकडे तीच किल्ली. म्हणून गाडीची वाटणी झाली का?

"गाडी कोनाची?" आईने विचारले.

"कंपनीची."

"म्हंजे घरच्या कोनाचीच नाय," ती म्हणाली, आणि किल्ल्या माझ्या हातातून घेतल्या.

तिने भांडण केले नाही, रडली नाही. संध्याकाळी जेवणे झाल्यावर तिने वहिनीला हाक मारली आणि एक किल्ली तिच्या हातात ठेवली. दुसरी मला दिली. मी नको म्हटले, पुन्हा नको म्हटले. मग ती नदीत टाकतो असेही म्हणालो. आई म्हणाली, टाकून काय होनार, केली ती केली. आता तिच्या कनवटीला काहीच नव्हते. आणि आमच्याकडे वाटणी झाली की म्हातारी आई पाळीने राहते, थोडे महिने एका मुलाकडे, थोडे दुसऱ्याकडे. भात घरात आला की पौषात ती माझ्याकडे येईल आणि शिमग्यानंतर परत जाईल, असे तिनेच सांगून टाकले. मला जे हवे होते ते मिळाले. ते असे मिळाले.

पौषात दादाने तिला बैलगाडीतून कल्याणपर्यंत आणून सोडले. माझ्या वाट्याचा तांदूळही बरोबर होता, मी मागितला नसताना. चुलीजवळच्या भिंतीशी मी तिचे अंथरूण घातले. पहिल्या सकाळी मी दाढी करत होतो. ती तांदळाच्या मडक्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तांदूळ काढू का?"

मी म्हणालो, "विचारतेस काय? घर तुझेच आहे."

दुसऱ्या सकाळी तिने पुन्हा विचारले. तिसऱ्या सकाळीही. मी दाराची किल्ली तिच्या हातात दिली, तर तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "ही भाएरची हाय," ती म्हणाली. दिवसभर ती दारात बसायची. शाळेतून येताना आता दाराला कुलूप नसे, आणि आलास का असे विचारणारेही कोणी होते. तरी मला घरी आल्यासारखे वाटेना. माझ्याच घरात माझी आई पाहुण्यासारखी वागत होती, आणि तिच्या त्या तीन शब्दांची मला सकाळ उजाडताच भीती वाटू लागली होती.

शेवटी मी लोहाराकडे गेलो. त्याच्याकडे एक सागवानी पेटी होती, दरवाज्यासारखी जाड फळ्यांची. ती घेतली आणि तिला कुलूप बसवायला सांगितले.

"चाव्या दोन?" त्याने विचारले.

"एक," मी म्हणालो. "दुसरी करूच नका."

पेटी घरी आणून मी मडक्यातला सगळा तांदूळ तिच्यात ओतला, गूळ ठेवला, तेलाची बरणी ठेवली. कुलूप लावले आणि किल्ली आईपुढे धरली. एकच आहे, म्हटले. आईने ती लगेच घेतली नाही. आधी कुलूप ओढून पाहिले. मग पेटीमागे वाकून पाहिले, खरेच दुसरी कुठे लटकत नाही ना. मग किल्ली कनवटीला खोचली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या सकाळी तिने काही विचारले नाही. पेटी उघडली, माप भरले, आणि कालचा भात मी पानात टाकला होता त्यावरून मला चार शब्द ऐकवले. पुढचे दिवस कसे गेले ते मी लिहीत बसत नाही. बरे गेले.

शिमगा झाला. दादा न्यायला आला. आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी हवापाण्याचे बोललो. आईने लुगड्याची घडी बांधली, शेजारणींना सांगून आली, आणि मी त्यांना स्टेशनवर पोचवून आलो. संध्याकाळी चूल पेटवली, तांदूळ घ्यायला पेटीकडे गेलो, तेव्हा लक्षात आले. कुलूप लागलेले होते आणि किल्ली आईबरोबर गेली होती.

विसरून गेली की समजून नेली, हे मी तिला कधी विचारले नाही. त्या दिवशी शेजारून भाकरी आली, ती खाल्ली. मग वाण्याकडून तांदूळ आणून पुन्हा मडक्यात भरून ठेवले. मडके पेटीवरच ठेवले, खाली जागा नव्हती.

काही दिवसांनी लोहार वाटेत भेटला. पेटीचे कसे काय, त्याने विचारले. मी झाली गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, कुलूप घेऊन या, मास्तर, दुसरी चावी सकाळच्या सकाळी करून देतो.

"नको," मी म्हणालो. "जिची आहे ती घेऊन येईल."

घरी आलो. आता माझ्या जुडग्यात दोन किल्ल्या होत्या, दाराची आणि गावच्या कोठीची. नेहमीप्रमाणे आधी कोठीची हाताला लागली. ती दाराच्या कुलपात शिरत नाही. मग दुसरी घातली, कट् झाले, आत गेलो आणि मडक्यातून एकट्यापुरते तांदूळ काढले. पौष यायला अजून पुष्कळ अवकाश होता.