सावंतवाडीच्या अलीकडे लंडन

बाबांना किलोमीटर कधी कळले नाहीत. कळून घेतले नाहीत म्हणा. जोगेश्वरीहून बसने गावी, सावंतवाडीला, बारा तास लागतात, तेवढीच त्यांची फूटपट्टी. माझ्या धाकट्या बहिणीला लंडनच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली तेव्हा आईने जेवण सोडलं. बाबांनी मला विचारलं, “विमानाक किती तास?”

मोबाइलवर बघून मी सांगितलं, साडेनऊ.

“मगे सावंतवाडीच्या अलीकडेच की! जाऊंदे तिका.”

“अहो बाबा, सात हजार किलोमीटर आहे. शिवाय तीन तास आधी विमानतळावर...”

“किलोमीटर डायवरान मोजूचे. आपण नुसता बसूचा.”

पुढे हेच गणित ते अख्ख्या बिल्डिंगला ऐकवत फिरले. माझं डोकं फिरायचं. पण आई त्या साडेनऊ तासांवर शांत झाली आणि बहीण गेली, हेही खरं.

दोन गणपती ती आली नाही. तिसऱ्या वर्षी म्हणाली, नक्की येते. बाबांनी गावच्या बसची चार तिकिटं काढली. आठवडा आधी तिचा फोन आला, रजा मिळत नाहीये, तरी बघते. त्या ‘बघते’ला बाबा चिकटून बसले. चौथं तिकीट रद्द करू दिलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सातला हायवेवर बस आली. बहीण अर्थातच नव्हती. खिडकीची जागा बाबांनी तिच्यासाठी सोडली आणि तिथे पिशवी ठेवली. पलीकडे मी आणि आई. बस खच्चून भरलेली. मधल्या वाटेत एक बाई मांडीवर पोर घेऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. तिने विचारलं, “इथे कोणी आहे का?”

“आहे,” बाबा म्हणाले.

मला लाज वाटली. मी मोबाइल बघत बसलो.

महाडच्या अलीकडे ट्रॅफिकने वाट लावली. दोन तास बस जागची हलेना. साडेचारला बाबांनी घड्याळ बघितलं. “साडेनऊ तास झाले,” ते मला म्हणाले, “ती आता उतरली असती.”

तेवढ्यात तिचाच फोन. तिची जेवणाची सुट्टी होती. “बाबा, पोचलात का?”

“खंय पोचतंव! अजून अर्धी वाट नाय झाली.” मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, “तू येवक नाय कित्याक गो?”

ती काय बोलली ते मला कळलं नाही. बाबा नुसते हं, हं करत राहिले. फोन त्यांनी खिशात ठेवला, आईकडे बघितलं नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बसा हो इथे,” त्या बाईला म्हणाले. “लंडन खूप लांब आसा.”