अठरा मिलिव्होल्ट

माझ्या मावशीला आकड्यांचं वेड आहे असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. तिला आकड्यांचा कंटाळा होता, म्हणूनच ती एकदा ठाण मांडून बसायची आणि असं गणित सोडवायची, की पुन्हा त्या वाटेला जायला नको. घरामागच्या पत्र्याच्या लांबट खोलीत ती आणि काका अंडी उबवायची यंत्रं बनवत. आखणी तिची, जुळणी आणि विक्री काकांची. काका बोलण्यात पटाईत. खांबालाही विचारतील, घरी सगळे बरे ना म्हणून.

नोकरीच्या निमित्ताने मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. यंत्रातली उष्णता डायोडने मोजतात हे मला मावशीनेच समजावलं. डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. आत सिलिकॉनचे दोन वेगळे थर जोडलेले. त्या सांध्यावर, जंक्शनवर, अर्ध्या व्होल्टहून जरा जास्त व्होल्टेज पडतं. ऊब एक अंशाने वाढली की ते दोन मिलिव्होल्टने उतरतं. तेवढ्यावरून यंत्राला कळतं, आत किती गरम आहे.

"पण करंट ठरलेलाच हवा," ती म्हणाली. "तो बदलला की व्होल्टेजही बदलतं, आणि यंत्राची फसगत होते."

एका सकाळी पिल्लंवालीचा फोन आला. ही आमची जुनी गिऱ्हाईक, गावाबाहेर तिची कोंबड्यांची शेड. नव्या यंत्रातली सगळी पिल्लं कवचातच मेली होती. पडद्यावर आकडा बरोबर, आणि आत हात घालवत नव्हता. काका फोनवर म्हणाले, "गणितातच चुकलं असणार. आखणी मिसेसची ना. बघायला सांगतो." मावशी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

मग ती जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली ती बसलीच. जंक्शनचं व्होल्टेज पहिल्या ओळीपासून पुन्हा काढायचं, उत्तर तेच यायचं, की कागद बाजूला सारून परत पहिल्यापासून. साधे गुणाकार तिने माझ्याकडून तपासून घेतले. गॅस बंद केलाय ना, हे दोन-दोनदा बघायला लागली. काका चहा आणून ठेवायचे. पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "राहू दे गं. चुकतं माणसाचं. मी काही बोललो का तुला?"

तिला ते गोड वाटायचं. मलाही वाटलं, काय नवरा आहे!

शेवटी तिने मीटर पिशवीत टाकला. "यंत्र बघूनच येते." काका लगबगीने उठले, "तू कशाला, मी आणतो ना इकडे," पण ती चपला घालून बाहेर पडलीसुद्धा. सुट्टी होती, मीही बरोबर गेले.

पिल्लंवाली रागावली असती तर बरं झालं असतं. ती फारच समजुतीने वागली. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. "साहेब म्हणाले मला," ती हळू आवाजात बोलली, "आई गेल्यापासून ताईंचं कामात लक्ष नाही. होतं असं. माझे वडील गेले तेव्हा मीही बधिर झाले होते."

मावशीने मान हलवली. आजी गेल्यावर कामानेच तिला उभं ठेवलं होतं, हे काकांइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने यंत्राचं झाकण उघडलं, मीटरच्या सुया डायोडला लावल्या. व्होल्टेज हवं त्यापेक्षा अठरा मिलिव्होल्टने जास्त. ती पुटपुटली, "करंट दुप्पट झालाय." यंत्राला वाटत होतं, आत नऊ अंशांनी गार आहे, म्हणून ते तापवत सुटलं होतं. करंट ठरवणाऱ्या रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे तिने मला दाखवले. तिने लिहून दिलेला तो नव्हताच. त्याच्या निम्म्या रोधाचा, म्हणजे दुप्पट करंट सोडणारा, कुणीतरी बसवला होता. आणि जुळणी तर एकच माणूस करायचा.

आम्ही बसने परतलो.

घरी आल्या-आल्या तिने विचारलं, "रेझिस्टर तू बदललास?"

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "संपले होते गं. टेम्पो दारात उभा होता. म्हटलं, एवढ्याशाने काय बिघडतंय."

"फोन आला तेव्हा तुला कळलं होतं?"

काका टेबलावरचे कागद नीट रचू लागले.

"मी या टेबलाशी डोकं फोडत होते, आणि तू मला चहा आणून देत होतास."

"सांगणारच होतो. बाजारात आपलं नाव जायला नको म्हणून..."

"नाव आपलं आणि चूक माझी?" तिचा आवाज चढला नाही. "आणि आईला कशाला मध्ये आणलंस?"

"ते आपलं बोलण्याच्या ओघात."

मावशी खुर्चीच्या पाठीचा दांडा धरून उभी राहिली. चुकीचा रेझिस्टर तिने पोटात घातला असता, मला खात्री आहे. पण आईच्या मरणाचा काकांनी बोलता-बोलता वापर केला होता, तेही तिच्या पाठीमागे. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं.

तिने काकांसमोरच पिल्लंवालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ते तुमचं तुम्ही बघा ताई. मला यंत्र चालू करून द्या." चूक कुणाची, यात त्या बाईला काडीचा रस नव्हता.

यंत्र मावशीने स्वतः दुरुस्त करून दिलं. त्यानंतर जुळणीही तीच करू लागली, काकांकडे फक्त विक्री उरली. संसार मोडला नाही. फक्त इतकी वर्षं ज्याला ती 'अरे तू' म्हणायची, त्याला आता 'तुम्ही' म्हणू लागली. शेजारच्यांना कौतुक वाटलं, उतारवयात नवऱ्याला मान देते म्हणून.

काकांना ते टोचायचं. एकदा जेवताना ते काकुळतीला येऊन म्हणाले, "चार शिव्या दे, पण हे तुम्ही-तुम्ही बंद कर."

मावशीने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "जेवून घ्या," ती म्हणाली, "मला अजून एक यंत्र तपासायचंय."